आठवी-नववीच्या मुलांना भाषण करायला शिकवायचं आहे, पाठ करून घ्यायचं नाही. सुरुवात कुठून करावी?

नववी_ब

नमस्कार. ठाण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला मराठी शिकवते. या वर्षी वेळापत्रकात आठवड्याला एक तासिका वक्तृत्वासाठी मिळाली आहे. तासिका ३५ मिनिटांची आणि वर्गात ५८ मुलं. ध्वनिक्षेपक फक्त सभागृहात आहे.

बऱ्याच शाळांत चालते तीच रीत आमच्याकडेही आहे. १ ऑगस्ट जवळ आला की लोकमान्य टिळक आणि अण्णा भाऊ साठे यांच्यावर पाचसहा मुलं बोलतात. १५ ऑगस्टला तीच मुलं, ३ जानेवारीला सावित्रीबाईंवर तीच, २६ जानेवारीलाही तीच. भाषण घरून कोणीतरी लिहून दिलेलं किंवा मोबाइलवरून उतरवलेलं असतं. मध्ये एक शब्द निसटला की मूल छताकडे बघत तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागतं. उरलेली पन्नासेक मुलं वर्षभर फक्त टाळ्या वाजवतात.

मला सगळ्या ५८ जणांना बोलतं करायचं आहे. इतक्या वेळात ते बसवायचं कसं? पाठ न करता तयारी कशी करून घ्यायची? आवाज आणि माइकबद्दल काय शिकवायचं? स्पर्धेला पाठवायची मुलं वेगळी तयार करावीत का? ज्यांनी हे नीट शिकवलं आहे त्यांनी कृपया तपशिलात लिहावं.

तासिका_पाचवी

ताई, आधी गणित मांडा. प्रत्येकाला २ मिनिटं बोलायला आणि अर्धा मिनिट ये-जा करायला दिलं तर ५८ मुलांना १४५ मिनिटं लागतात. म्हणजे चार तासिका संपून पाचवी सुरू होते. महिनाभरात एक मूल दोन मिनिटं बोलतं आणि बाकीचा सगळा वेळ ऐकत बसतं. इतक्या कमी सरावाने कोणतंही कौशल्य येत नाही. म्हणून सुरुवातीला ‘एकजण बोलतो, सगळे ऐकतात’ ही रचनाच बाजूला ठेवा.

मुलांना व्हरांड्यात किंवा मैदानात समोरासमोर दोन रांगांत उभं करा, २९ आणि २९. दोन रांगांत आधी एक मीटर अंतर ठेवा. विषय एकच आणि सगळ्यांना माहीत असलेला द्या, जसं ‘घरून शाळेत येण्याचा रस्ता’. घंटा झाली की ‘अ’ रांगेतली सगळी मुलं एकाच वेळी आपापल्या समोरच्याशी ४५ सेकंद बोलतील. पुढच्या १५ सेकंदांत समोरच्याने काय ऐकलं ते सांगायचं. मग ‘ब’ रांगेची पाळी. त्यानंतर ‘अ’ रांग एक जागा सरकते, शेवटचं मूल पहिल्या जागी येतं, आणि तोच विषय नव्या माणसाला सांगायचा. अशा तीन फेऱ्या घ्या. एका फेरीला सरकण्यासकट अडीच मिनिटं धरा, म्हणजे आठ मिनिटांच्या आत वर्गातलं प्रत्येक मूल तीनदा बोललेलं असतं.

तिसरी फेरी ४५ ऐवजी ३० सेकंदांची करा. तिसऱ्यांदा सांगताना फापटपसारा आपोआप गळतो आणि कोणत्या क्रमाने सांगायचं ते तोंडात बसतं. पाठांतर न करता तयारी होते ती इथेच. मुलाला वाक्यं आठवावी लागत नाहीत, सांगायचं काय ते आठवतं, आणि वाक्यं दरवेळी थोडी वेगळी येतात. ती वेगळीच यायला हवीत.

यात तीन गोष्टी बिघडतात. मैत्रिणी-मैत्रिणी समोरासमोर येतात आणि गप्पा सुरू होतात, म्हणून उभं करताना हजेरीच्या क्रमाने करा. समोरचा ऐकत नाही, म्हणून ते १५ सेकंद कधीही गाळू नका. बोलणाऱ्याला खरी शिस्त तिथे लागते, कारण समोरच्याला काही सांगता आलं नाही तर आपलं बोलणं पोचलं नाही हे त्याला लगेच कळतं. आणि गोंगाट होतोच, तेव्हा शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा. दोन आठवड्यांनी अंतर एकाचं तीन मीटर करा. आवाज आपोआप मोठा करावा लागतो.

पहिल्या तीन तासिका फक्त रांगा. पुढच्या तीन तासिका गट: सहा-सहाचे आठ आणि पाच-पाचचे दोन. गटात एकजण उभा राहून दोन मिनिटं बोलतो, एकजण घड्याळ बघतो, एकजण टिपण करतो. मग एक मिनिट अभिप्राय. सहा जणांना १८ मिनिटं लागतात, दहाही गटांचं एकाच वेळी चालतं. सातव्या तासिकेपासून वर्गासमोर, दर वेळी आठजण. आठ आठवड्यांत सगळी मुलं होतात. अशा १४ तासिका गणपतीची सुटी आणि घटक चाचणी वजा जाऊनही दिवाळीपर्यंत बसतात.

अभिप्रायाची पद्धत पहिल्या दिवशीच पक्की करा. बोलणं चालू असताना कोणीही टोकायचं नाही, शिक्षकानेही नाही. संपल्यावर एक श्रोता सांगतो, ‘माझ्या हे लक्षात राहिलं’. दुसरा सांगतो, ‘इथे मला कळलं नाही’. शिक्षकाने पुढच्या वेळेसाठी बदलायची फक्त एक गोष्ट सांगायची आणि वहीत नावापुढे लिहून ठेवायची. एकदम पाच चुका सांगितल्या तर मूल त्यातली एकही दुरुस्त करत नाही, आणि पुढच्या वेळी उभं राहायचं टाळतं.

परिपाठही वापरा. बातम्या वाचून दाखवायच्या ऐवजी सांगायला लावा: कागद हातात नाही, तीन वाक्यं, काय झालं, कुठे झालं, त्याने कोणाला फरक पडतो. हजेरी क्रमांकाने रोज दोघं. २९ दिवसांत पूर्ण वर्ग एकदा होतो आणि त्यासाठी वेगळी तासिका लागत नाही.

ध्वनिक्षेपक

आवाजाबद्दल लिहितो, कारण शाळांत ‘मोठ्याने बोल’ याच्या पलीकडे काही सांगितलं जात नाही आणि त्याने घसे बसतात.

मोठा आवाज घशातून काढायचा नसतो, श्वासाच्या जोरावर काढायचा असतो. मुलांना पोटावर तळहात ठेवायला सांगा. नाकाने चार अंक मोजत श्वास घेताना हात पुढे यायला हवा, खांदे वर उचलले जायला नकोत. मग दातांतून ‘स्स्स’ असा एकसारखा आवाज काढत श्वास सोडायचा. पहिल्या दिवशी बहुतेक मुलं आठदहा सेकंदांत संपतात. रोज दोन मिनिटांचा सराव ठेवला तर १५ ते २० सेकंदांपर्यंत जाता येतं. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबायचं. श्वास उरला नाही की मूल वाक्याचं शेपूट गिळतं, आणि मराठीत क्रियापद शेपटाकडेच असतं. ‘केलं’ की ‘केलं नाही’ हे मागच्या रांगेला कळत नाही. म्हणून भाषणाच्या कागदावर श्वास घ्यायच्या जागी पेन्सिलने तिरकी रेघ मारायला लावा. साधारण आठ ते बारा शब्दांनी एक रेघ येते. त्याहून लांब गेलं तर वाक्यच तोडावं लागेल.

बोलण्याआधी पाच मिनिटांची तयारी: ओठ मिटून ‘म्म्म’ गुणगुणणं, ओठ सैल सोडून फुरफुरवणं, जबडा उघडून आ-ई-ऊ, आणि शेवटी ‘चटईला टाचणी टोचली’, ‘काळे राळे गोरे राळे राळ्यात राळे मिसळले’. ही वाक्यं आधी अगदी सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं ऐकू येईल अशी म्हणायची. वेग नंतर. घाईने म्हणायची शर्यत लावली तर उच्चार आणखी बिघडतात.

आठवी-नववीच्या मुलग्यांचा आवाज फुटत असतो. त्यांना उंच पट्टीत, आवेशाने ओरडायला लावू नका. आवाज मध्येच चिरकतो, वर्ग हसतो आणि तो मुलगा पुढे बोलत नाही. त्यांच्या रोजच्या बोलण्याची पट्टी जिथे आहे तिथेच ठेवा, जोर श्वासातून येऊ द्या. घसा बसलेला असेल तर दोन दिवस सराव बंद ठेवा. कुजबुजत बोलणं हा उपाय नव्हे, त्यानेही घशावर ताण येतो. कोमट पाणी घोट घोट प्यायचं.

आता माइक. शाळांत असतो तो साधा हातात धरायचा माइक तोंडापासून १० ते १५ सेंटिमीटरवर हवा. सगळ्या मुलांनी बोटांनी मोजून बघावं, आठ बोटं आडवी धरली की अंदाज येतो. तो ओठांच्या अगदी समोर न धरता हनुवटीच्या पातळीवर, तोंडाकडे वळवून धरला की प, फ, ब, भ या अक्षरांची हवा सरळ जाळीवर आदळत नाही आणि ‘फट्’ असा आवाज येत नाही. स्टँड प्रत्येक मुलाच्या उंचीला जुळवायला हवा. तो कसा सैल करायचा आणि घट्ट करायचा हे मुलांनाच शिकवा. वाकून किंवा टाचा उंचावून बोलणाऱ्याचा श्वास नीट लागत नाही.

शिट्टी वाजते ती दोन कारणांनी. माइकचं तोंड कर्ण्याकडे वळलेलं असतं, किंवा मुलाने माइकची जाळी मुठीत धरलेली असते. कर्णे नेहमी बोलणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा. माइक चालू आहे का बघायला फुंकर मारू नये, बोटाने ठोकू नये, सरळ ‘नमस्कार’ म्हणावं. स्वतःचा आवाज कर्ण्यातून ऐकून मुलं दचकतात आणि एकदम हळू बोलायला लागतात. म्हणून कार्यक्रमाच्या आधी प्रत्येकाला माइकवर किमान ३० सेकंद बोलू द्या.

परीक्षक_बाक

वरच्या दोघांनी मूळ काम सांगितलंच आहे. मी भाषण लिहिण्याबद्दल लिहितो, कारण पाठांतराचं दुखणं कागदावरच सुरू होतं. निबंधाच्या भाषेत लिहिलेलं भाषण पाठ केल्याशिवाय बोलताच येत नाही, कारण तशी वाक्यं कोणी तोंडाने बनवत नाही.

उदाहरण घ्या. विषय ठाण्याचा इतिहास. मुलाच्या कागदावर असतं: ‘दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या दरम्यान भारतातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी धावली असून ही घटना देशाच्या वाहतुकीच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी नोंदली गेलेली आहे.’ हे असं करता येतं: ‘दुपारी साडेतीनच्या सुमाराला बोरीबंदरहून एक गाडी निघाली. चौदा डबे. आत चारशे माणसं. ओढायला तीन इंजिनं: साहिब, सिंध आणि सुलतान. ही गाडी कुठे निघाली होती? आपल्या ठाण्याला. साल होतं १८५३.’ माहिती तीच. पण इथे मुलाला क्रम लक्षात ठेवायचा आहे, शब्द नाही: वेळ, डबे, माणसं, इंजिनं, ठाणं, साल. ही सहा टिपणं पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर ठळक अक्षरात लिहायची. हातात तेवढंच ठेवायचं. मोठा पातळ कागद घेऊ नये, हात थरथरला की तो फडफडतो आणि सगळ्यांना दिसतो.

शब्दशः तयार ठेवायचं ते फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक. छातीची धडधड सर्वांत जास्त असते ती उभं राहायच्या आधी आणि पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात. तेवढं निभावलं की पुढे ती उतरत जाते. म्हणून सुरुवात झोपेतही म्हणता येईल अशी पक्की हवी. शेवटचं वाक्य माहीत नसलं की मूल तीनदा शेवट करतं.

मराठीत मंचावर मिनिटाला १०० ते ११० शब्द हा ऐकायला बरा वेग आहे. तीन मिनिटांसाठी ३०० ते ३३० शब्द, म्हणजे वहीची साधारण दोन पानं. मुलं पाच पानं आणतात आणि मग ती धावत म्हणतात. सरावात भाषण २ मिनिटं ४५ सेकंदांत बसलं आणि मंचावर २ मिनिटं १० सेकंदांत संपलं, तर मजकूर वाढवू नका. तिथे वेग वाढला आहे, विराम गेले आहेत. कागदावर प्रत्येक मुद्द्यानंतर ‘थांब, दोन मोज’ असं लिहून ठेवायला लावा.

‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो, मी आज तुम्हांला जे दोन शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्याल अशी मी आशा बाळगतो’ यात वीस सेकंद जातात. तीन मिनिटांतला नववा भाग. ‘सर्वांना नमस्कार’ म्हणून थेट विषयात शिरावं. आदर त्यातही पुरेसा आहे. एकाच चालीत घोळवून म्हटलेल्या चारोळ्यांचंही तेच. दोन ओळी विषयाशी घट्ट बांधलेल्या असतील तर ठेवा, नाहीतर काढा.

घरून लिहून आणलेलं भाषण थांबवायचं असेल तर क्रम उलटा करा. आधी वर्गात दोन मिनिटं तोंडी बोलायचं, नंतर तेच घरी जाऊन लिहायचं. आणि मजकुरासाठी नियम लावा: एक गोष्ट वाचलेली, एक कोणाला तरी विचारलेली, एक स्वतः पाहिलेली. खाडीवर बोलायचं असेल तर ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला हे वाचलेलं. खाडीत मासेमारी करणाऱ्या एखाद्या कोळी काकांना ‘पूर्वी कोणती मासळी मिळायची’ हे विचारलेलं. ऐरोलीच्या पुलावरून जाताना ओहोटीला काय दिसतं ते पाहिलेलं. दुसरी आणि तिसरी गोष्ट मोबाइलवरून उतरवता येत नाही. वाचण्यासाठी मराठी विश्वकोश जालावर फुकट आहे, आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. मुलांना तिथे एकदा न्याच.

स्पर्धेची मुलं वेगळी निवडू नका. सगळ्यांची दिवाळीपर्यंतची तयारी झाल्यावर वर्गातल्या गुणपत्रकावरून निवडा. ५० पैकी आशय २०, मांडणी १०, आवाज आणि उच्चार १०, श्रोत्यांशी संबंध १० असे गुण ठेवता येतील. वेळेच्या पुढे-मागे १५ सेकंद सूट, त्यानंतर दर १५ सेकंदांना एक गुण वजा. हे पत्रक मुलांना पहिल्याच दिवशी द्या. गुणपत्रक नसलं की परीक्षक सर्वांत मोठ्या आवाजाच्या आणि सर्वांत जास्त हातवारे करणाऱ्या मुलाला पहिला क्रमांक देतात, आणि बाकीची मुलं तसंच करायला शिकतात. बसवलेले हातवारे पूर्ण बंद. ‘आकाश’ म्हटलं की हात वर आणि ‘हृदय’ म्हटलं की छातीवर, हे पहिलीच्या कवितेला ठीक. नववीच्या मुलाने पाय खांद्यांइतके लांब ठेवून उभं राहावं, कार्ड डाव्या हातात, उजवा हात मोकळा. सांगण्यासारखं काही असेल तर तो आपोआप हलतो.

नववी_ब

सर्वांचे मनापासून आभार. दोन अडचणी राहिल्या. एक, वर्गात कळवा, दिवा भागातली बरीच आगरी मुलं आहेत. त्यांच्या बोलण्यात ण चा न आणि ळ चा ल होतो. वर्गातली काही मुलं हसतात, आणि बाहेरच्या स्पर्धांत उच्चाराचे गुणही जातात. दुरुस्त करावं तर किती? दोन, एक मुलगा अडखळत बोलतो आणि दोन मुली तोंडच उघडत नाहीत.

खाडीपल्याड

मॅडम, पहिल्या प्रश्नाचे दोन भाग वेगळे करा. हसणाऱ्यांचा बंदोबस्त हा शिस्तीचा भाग आहे, तो त्याच दिवशी आणि ठामपणे झाला पाहिजे. उच्चार हा कौशल्याचा भाग आहे, तो सावकाश होतो. दोन्ही एकत्र केले की मुलाला वाटतं आपल्या घरची भाषाच चुकीची आहे. ती चुकीची नाही. आगरी ही या खाडीकाठची जुनी बोली आहे. सहामाहीत एक भाषण ‘घरात बोलतो तसं’ करायला लावा, सगळ्यांना, फक्त आगरी मुलांना नव्हे. मालवणी, अहिराणी, घाटावरची, ज्याची जी असेल ती. मंचावर न दबता बोलायची सवय तिथे लवकर लागते.

प्रमाण भाषेतल्या भाषणासाठी ण आणि ळ शिकवायचे ते जीभ दाखवून. दोन्हींना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं; न आणि ल ला ते वरच्या दातांच्या मुळाशी लागतं. हाताचा पंजा वळवून दाखवला की मुलांना लगेच कळतं. मग जोड्या घ्या: वेळ–वेल, काळ–काल, मण–मन. आधी शिक्षक म्हणतील आणि मुलं ओळखतील कोणता शब्द होता. ऐकताना फरक कळल्याशिवाय बोलताना येत नाही, ही पायरी बहुतेक जण गाळतात. त्यानंतर उच्चार, मग वाक्यात. रोज तीन मिनिटं, पूर्ण वर्गाने एकत्र, कोणा एकाला उभं न करता. भाषणात मात्र टोकायचं नाही. स्पर्धेला जाणाऱ्या मुलाच्या भाषणातले ण-ळ असलेले दहाबारा शब्द कार्डावर अधोरेखित करा, तेवढेच घोटून घ्या.

अडखळणाऱ्या मुलासाठी: त्याचा शब्द तुम्ही पूर्ण करू नका. ‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’ असं मध्येच सांगू नका, त्याने ताण वाढतो. नजर त्याच्यावर शांत ठेवा आणि त्याला वेळेची मर्यादा लावू नका. अडखळणारी बहुतेक माणसं दुसऱ्याबरोबर एकसुरात बोलताना फार कमी अडखळतात, म्हणून सुरुवातीला एखादा उतारा जोडीने म्हणायला द्या. वर्गासमोर कधी यायचं हे त्याला खाजगीत विचारून ठरवा. पालकांना सांगून वाक्-उपचार तज्ज्ञांकडे पाठवणंही गरजेचं आहे. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत हे काम चालतं. भाषणाचा सराव हा त्या उपचाराला पर्याय नाही.

गप्प राहणाऱ्या मुलींसाठी पायऱ्या आणखी लहान करा. बाकावर बसून शेजारणीला एक वाक्य. मग बसूनच चौघींना. मग जागेवर उभं राहून वाचून दाखवणं. मग जागेवर उभं राहून, कार्ड बघत तीन वाक्यं. पुढे येणं सर्वांत शेवटी. एका पायरीवर दोनतीनदा सहज जमलं की पुढची. ‘आज सगळ्यांसमोर बोलूनच दाखव’ असं एकदम ढकललं आणि ती रडली, तर त्या वर्षाची सगळी मेहनत वाया जाते. तोपर्यंत त्यांना घड्याळाचं आणि टिपणाचं काम द्या. त्या बाहेर पडलेल्या राहत नाहीत, आणि इतरांच्या भाषणांत काय बिघडतं ते त्यांना सर्वांत नीट दिसतं.

तासिका_पाचवी

खाडीपल्याड यांच्या प्रतिसादाला जोडून. नववी-दहावीला भाषा विषयांत ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत असतात, त्यात तोंडी काम येतं. या तासिकांतल्या नोंदी त्यासाठी वापरल्या की ‘अभ्यासक्रम मागे पडतो’ ही पालकांची तक्रार उरत नाही. फक्त सरावाच्या फेऱ्यांना गुण देऊ नका. गुण आले की मुलं लगेच पाठ करायला लागतात.

मोबाइलवर चित्रण करायचं असेल तर आधी फक्त आवाज मुद्रित करा. चित्र दाखवलं की मुलं आपले केस आणि कपडे बघत बसतात. मुद्रण त्या मुलालाच ऐकवा, कुठल्याही व्हॉट्सॲप गटावर टाकू नका.

परीक्षक_बाक

ऐकायला नेणं राहिलं. चांगलं बोलणं कानावर पडल्याशिवाय येत नाही. ठाण्यात जानेवारीत रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला होते, नवी मुंबईची मुलं असतील तर वाशीच्या भावे नाट्यगृहातले कार्यक्रम बघून ठेवा. पालकांबरोबर पाठवा आणि एका कागदावर तीनच गोष्टी लिहून आणायला सांगा: वक्त्याने सुरुवात कशी केली, कुठे थांबला, कुठे माझं लक्ष उडालं. तिसऱ्याचं उत्तर वर्गात नक्की चर्चेला घ्या. लक्ष उडतं ते बहुधा सलग आकडे, सलग नावं किंवा दृष्टान्त न देता केलेली विधानं आली की. तीन मिनिटांच्या भाषणात तीनचार आकड्यांच्या वर जाऊ नये हे मुलांना तिथे पटतं.

नववी_ब

सोमवारपासून दोन रांगा सुरू करते. उत्स्फूर्त भाषणाच्या चिठ्ठ्यांसाठी विषय सुचवाल का? ‘मोबाइल शाप की वरदान’ सोडून.

खाडीपल्याड

मुलांनी पाहिलेलं असेल असंच द्या: सकाळी साडेसातची ठाणे-वाशी लोकल. तलावपाळीला संध्याकाळी गाडी बंदी असावी का. घोडबंदर रोडवर अडकलेली बस. सोसायटीतली मुलं आणि खेळायची जागा. पावसाळ्यात येऊरला जाणाऱ्यांसाठी तीन नियम. शाळेच्या डब्यात काय नसावं. आजीला मोबाइल शिकवताना. आपल्या गल्लीतलं बदलावं असं एकच काही. पारसिकच्या डोंगराकडे बघून. गणपतीतला ध्वनिक्षेपक किती वाजेपर्यंत.

विचार करायला एक मिनिट, बोलायला दीड मिनिट. साचा एकच शिकवा: माझं म्हणणं काय, ते का, एक पाहिलेला प्रसंग, आणि म्हणून काय करावं. फळ्याच्या कोपऱ्यात हे चार शब्द कायम लिहून ठेवा: मत, कारण, प्रसंग, उपाय. अडकलेलं मूल तिकडे बघून पुढे जातं. ‘अं’, ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ मोजायची जबाबदारी एका श्रोत्याला द्या, पण महिन्यातून एकदाच. रोज मोजलं तर मुलं बोलण्याऐवजी स्वतःवर पहारा ठेवतात. त्या जागी गप्प राहिलं तरी चालतं, हे मात्र दरवेळी सांगा. बोलणाऱ्याला लांबलचक वाटलेली शांतता ऐकणाऱ्याला दोन सेकंदांची असते.

चिठ्ठी बदलून मागितली तर एकदा द्या. दुसऱ्यांदा नाही. आणि जादा चिठ्ठ्या दहाबारा ठेवा, नाहीतर शेवटच्या बाकांना आपले विषय आधीच कळतात.